मूळप्रत साहेब आणि चमच्याच्या चोचीचा पक्षी

वर्णन : सदर व्यक्ती पुरुष असून सेवानिवृत्त आहे. उंची मध्यम, बांधा सडपातळ, रंग उन्हाने बदललेला. ओळखीची खूण : कपाळावर एक आठी, जी सेवाकाळात रुजू झाली व अद्याप कार्यमुक्त झालेली नाही. भाषा शुद्ध, राग आल्यास अतिशुद्ध. छंद : पक्षी, छायाचित्रण व हरकती घेणे. व्यक्तीच्या ताब्यात एक कॅमेरा, एक लांब भिंग, एक तिपाई व एक पत्नी असून पैकी पहिल्या तिन्हींच्या पावत्या उपलब्ध आहेत.

हे वर्णन त्यांना स्वतःला पसंत पडले असते. खाली शिक्का का नाही, एवढी एक हरकत त्यांनी घेतली असती.

उभी नोकरी त्यांनी एका खिडकीमागे काढली. लोक आपापल्या दाखल्यांच्या नकला घेऊन त्या खिडकीशी येत, हे त्या नकला मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहत आणि मग शिक्का मारीत. मूळ कागद नसेल तर शिक्का नाही. एकदा एक गृहस्थ स्वतःच्या जन्मदाखल्याची नक्कल घेऊन आले. मूळ दाखला पुरात वाहून गेला होता. "अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे, म्हणजे जन्मलो असणारच की!" ते काकुळतीने म्हणाले.

"आपण जन्मलात याविषयी या कार्यालयाला संशय नाही," साहेब म्हणाले. "मूळ प्रत दाखवा."

तेव्हापासून त्यांना मूळप्रत साहेब हे नाव पडले. ते त्यांना माहीत होते, आणि मला वाटते, आतून थोडे आवडतही होते.

निवृत्तीनंतर माणसे देवाला लागतात किंवा डॉक्टरला. मूळप्रत साहेब पाखरांना लागले. आमच्या शहरात काही रिकामटेकडे लोक दर रविवारी पहाटे गळ्यात दुर्बिणी अडकवून हिंडतात, त्याला पक्षीमित्र मंडळ म्हणतात. मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे सभा त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भरतात. भिंतीवर किडलेल्या दाढेचे तक्ते आहेत आणि त्यांच्याच शेजारी शहरात आजवर दिसलेल्या पक्ष्यांची यादी. त्या यादीत आपण पाहिलेला एक नवा पक्षी चढावा, खाली आपले नाव यावे, एवढ्यासाठी एरवी समंजस असलेली माणसे एकमेकांशी वर्षानुवर्षे बोलत नाहीत.

मूळप्रत साहेब सभासद झाले त्याच वर्षी टायरवाल्याचे घुबड गाजले. टायरवाला म्हणजे हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानाचा मालक. मोठा माणूस, मोठे हसू, सगळ्यांत मोठे भिंग. त्याने एका दुर्मिळ घुबडाचा फोटो आणला. आम्ही वाहवा केली. मूळप्रत साहेबांनी तो पाच मिनिटे पाहिला आणि म्हणाले, "झाडाची सावली डावीकडे पडली आहे. घुबडाची उजवीकडे. या घुबडाला स्वतंत्र सूर्य दिसतो."

टायरवाला खो खो हसला. "पकडलंत, काका! गंमत केली हो." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. पुढच्या सभेत ते नव्या पक्ष्यांच्या नोंदीसाठी स्वतः तयार केलेली नियमावली घेऊन आले आणि उभे राहून वाचू लागले. नियम सात असा : 'नोंदीसोबत कॅमेऱ्याने लिहिलेली मूळ रॉ फाइल सादर करणे बंधनकारक राहील. कोणत्याही संगणकीय प्रक्रियेतून गेलेली फाइल, मग ती कितीही निर्दोष दिसो, नक्कल समजली जाईल.' नियम आठ असा : 'तोंडी साक्ष, विशेषतः नातेवाइकांची, ग्राह्य धरली जाणार नाही.' 'मग ती कितीही निर्दोष दिसो' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. आम्ही हात वर केले. चहा निवत होता.

रॉ म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा जाळ तिथूनच लागला. एरवी कॅमेरा फोटो काढतो तेव्हा रंग, उजेड स्वतःच ठरवतो, त्याला नको ते फेकून देतो आणि तयार चित्र हातात ठेवतो. रॉ फाइलीत मात्र भिंगातून जे जे आत आले ते सगळे असते : न निवडलेले, न पाखडलेले. अंधारात गेलेले पीस मागाहून उजेडात आणता येते. भट्टीतून निघालेले मडके आणि कालवलेली माती यांत जो फरक, तोच इथे. अडचण एकच. दर कंपनीची रॉ वेगळी, आणि नवा कॅमेरा निघाला की तिची लिपी आणखी बदलते. साहेबांनी नवा कॅमेरा घेतला. घरचा संगणक जुनाच राहिला. त्याला ती लिपी वाचता येईना. फोल्डर उघडले की पांढऱ्या कोऱ्या चौकोनांच्या रांगा, आणि खाली नंबर.

आता काकू, म्हणजे साहेबांची पत्नी. काकू दर रविवारी त्यांच्याबरोबर असत. थर्मास त्यांच्या हातात, घडीच्या दोन खुर्च्या त्यांच्या काखेत, कारण साहेबांच्या खांद्यावर तिपाई असे. मंडळाच्या सभासद त्या नव्हत्या; 'कुटुंबातून एक पुरे' असे साहेबांचे मत. काकूंना पक्ष्यांची पुस्तकी नावे येत नसत. पण आमच्यापैकी कुणाची दुर्बीण डोळ्याला लागायच्या आत त्या म्हणत, "तो मघाचा लंगडणारा परत आला बघा," आणि तो आलेला असे.

तर काकूंनी एका दुपारी संगणक उघडला आणि म्हणाल्या, "हे काय, सगळे कोरे कागद! तुम्ही पाखरं टिपता की खिडक्या?"

साहेबांना ते लागले. त्यांनी पेन्सिल घेऊन या विषयाचा अभ्यास केला. एक उपाय असा होता की कॅमेऱ्याला रॉ आणि तयार चित्र दोन्ही द्यायला सांगायचे. तयार चित्र कुठल्याही संगणकावर दिसते. तो त्यांनी झटकून टाकला. "एका पाखराच्या दोन फाइली? उद्या यातली खरी कुठली म्हणून वाद!" शेवटी त्यांनी असे केले : कंपनीच्या रॉ फाइली एका प्रोग्राममधून काढून सर्वांना उघडेल अशा सामाईक रॉमध्ये बदलायच्या. तिला डीएनजी म्हणतात. आतला माल जवळजवळ सगळा तोच, वेष्टन नवे. आणि वेष्टनावर आत काय आहे त्याचे पूर्ण आकाराचे चित्र चिकटवण्याची सोय. ती सोय साहेबांनी घेतली. काकूंना फोल्डरमध्ये पाखरे दिसू लागली. नवऱ्याने बायकोसाठी केलेली ही माझ्या माहितीतली एकमेव तांत्रिक तरतूद.

त्याच प्रोग्राममध्ये एक चौकोन होता : 'मूळ फाइल आत जतन करावी काय?' तिथे खूण केली की फाइलीचा आकार दुप्पट होतो. साहेबांच्या मते दुप्पट कागद ही अनागोंदीची पहिली पायरी. त्यांनी तो चौकोन रिकामा ठेवला. मग कॅमेऱ्याच्या फाइली उडवल्या. मग कॅमेऱ्यातले कार्ड कोरे केले. दर रविवारी हेच. जन्म सिद्ध करायला मूळ दाखला मागणाऱ्या माणसाने दर रविवारी हे स्वतःच्या हाताने केले, आणि नियम सात लिहिणारा हात तोच होता हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. नेहमीच्या पाखरांना फाइल लागत नाही. नियम फक्त नव्या पक्ष्यांसाठी होता, आणि नवा पक्षी काही रोज येत नाही.

तो आला. सांडपाण्याच्या तळ्यांवर, जिथे आम्ही नाकाला रुमाल लावून उभे असतो, गाळाच्या कडेला. चिमणीएवढा, अंगाने काही विशेष नाही. पण चोचीच्या टोकाला चक्क चमचा. चहाचा चमचा लहान करून लावावा तसा. हा पक्षी पुस्तकात आहे, आमच्या शहरापासून फार फार दूर आहे, आणि तिथेही मोजकाच उरला आहे. त्या दिवशी आम्ही बाकीचे लग्नाला गेलो होतो. तळ्यावर ती दोघेच होती. साहेबांनी धडाधड फोटो काढले. पक्षी उडाला.

घरी येऊन त्यांनी नेहमीप्रमाणे फाइली बदलल्या, उडवल्या, कार्ड कोरे केले. मग सर्वांत चांगल्या फोटोवर दोन आठवडे काम केले : सावली उचलली, कडांना धार लावली. उत्साहाच्या भरात धार जरा जास्त झाली आणि चमच्याभोवती पांढरट कड उमटली. नोंदीच्या अर्जात 'प्रथम निरीक्षक' या रकान्यात स्वतःचे नाव लिहून, सही करून त्यांनी तो फोटो मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला.

पहिला निरोप टायरवाल्याचा. 'काका, चमचा कुठल्या सेटमधला?'

दुसराही त्याचाच. 'कडेला डिंक दिसतोय.'

तिसरा : 'मूळ प्रत दाखवा.'

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्या रांगेत डॉक्टर नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने सांगता येईल. मी होतो की नव्हतो ते तपासायला ग्रुप पुन्हा उघडावा लागेल, आणि तो मी उघडणार नाही.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. फोनची गरज नव्हती. आवाज दवाखान्यापर्यंत तसाही पोचला असता. "त्या टायरवाल्याला सांगा, फाइल सादर होईल! आजच होईल! ज्याच्या घुबडाला दोन सूर्य लागतात त्याने मला डिंक दाखवू नये!" आणि त्यांनी डीएनजी पाठवून दिली.

डॉक्टरांनी ती उघडली. पक्षी होता. चमचा होता. कड नव्हती, डिंक नव्हता. चमचा चोचीतूनच उगवला होता. ती फाइल पाहिल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाची खात्री पटली असती. डॉक्टरांचीही पटली. पण डॉक्टर चिटणीसही होते.

"साहेब," ते फोनवर म्हणाले, आणि ड्रिल लावण्याआधी लावतात तो आवाज त्यांनी लावला, "ही... म्हणजे ही बदललेली फाइल आहे ना? कॅमेऱ्याची मूळ असेल तर तेवढी द्या. नियम सात."

त्या क्षणापर्यंत साहेबांना ते सुचले नव्हते. मग त्यांनी संगणक पालथा घातला. कार्डात हात घातला, मिटवलेले परत आणणारा प्रोग्राम चालवला. त्यानंतरच्या दोन रविवारच्या बगळ्यांनी ते कार्ड काठोकाठ भरले होते. जुन्याचा मागमूस नाही. आपलाच धोंडा, आपलाच पाय.

मग घरात जे व्हायचे ते झाले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझ्यावर ऐकण्याची सक्ती झाली.

"तुझ्यामुळे! तुझ्या त्या कोऱ्या कागदांमुळे! 'मला दिसत नाही, मला दिसत नाही'! घे, बघ आता! सगळ्या गावाला मी लबाड दिसतोय!"

भांड्यांचा आवाज थांबला. "मी फाइल बदला म्हटलं होतं?"

"मग काय म्हटलं होतंस?"

"मला दाखवा म्हटलं होतं." काकूंचा आवाज चढला नाही, पण जिन्यात स्पष्ट ऐकू आला. "शेजारी बसवून दोन पाखरं दाखवली असती तरी चाललं असतं. तेवढ्यासाठी तुम्ही प्रोग्राम आणलात."

यावर साहेबांकडे नियम नव्हता. दार आपटल्याचा आवाज आला. कुणी आपटले ते वरून कळले नाही.

पुढच्या रविवारी सभा. लवंगेच्या तेलाचा वास, टेबलावर प्लास्टरचा जबडा, त्याच्या दातांत अडकवलेले सभेचे कागद. साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात आले. मागोमाग काकू, त्या सभेला कधी येत नसत. दाराजवळच्या, पेशंट बसतात त्या बाकावर त्या थर्मास मांडीवर घेऊन, घडीच्या खुर्च्या पायाशी ठेवून बसल्या.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "साहेबांची फाइल मी पाहिली आहे. तांत्रिक बाब सोडली तर शंका घ्यायला जागा नाही. ज्येष्ठ सभासद म्हणून, वयाचा मान ठेवून, आपण या वेळी अपवाद करावा असं मी सुचवतो."

"अनुमोदन, अनुमोदन," दोघेतिघे म्हणाले. एकाला लवकर जायचे होते.

साहेब उठले. आठी कपाळभर पसरली होती.

"अपवाद? मला? मी खोटा असेन तर खोटा म्हणा. खरा असेन तर खरा म्हणा. पण म्हातारा झालोय म्हणून खरा म्हणू नका! वय हा पुरावा आहे? मग कासवाला अध्यक्ष करा!"

टायरवाला खुर्चीत चुळबुळला. "काका, बसा ना. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मी गंमत केली हो. डॉक्टरांनी फाइल मलाही दाखवली, त्याच संध्याकाळी. पक्षी शंभर टक्के खरा आहे. मी कुठे नाही म्हणतोय?"

साहेब त्याच्याकडे वळले. मी त्यांना अनेकदा रागावलेले पाहिले आहे. सिग्नलवर, बँकेत, बदकांवरसुद्धा. हा राग वेगळा होता. आवाज खाली आला होता.

"त्याच संध्याकाळी माहीत होतं?"

"हो, म्हणजे..."

"आणि पुढचे आठ दिवस तुमचे ते चमच्यांचे विनोद चालू होते? खरं आहे हे माहीत असताना?" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "याने खोटं आणलं तेव्हा तुम्ही हसलात. मी खरं आणलं तेव्हाही हसलात. तुम्हाला पाखरू नकोच आहे. हसायला कुणीतरी हवंय!"

हे अगदी बरोबर होते. प्रत्येकजण भिंतीवरची किडलेली दाढ पाहू लागला.

तेव्हा बाकावरून काकू म्हणाल्या, "मी सांगू का? मी होते तिथे. मी..."

"नियम आठ," साहेब मागे न बघता म्हणाले.

"अहो, पण ऐका तरी..."

"नातेवाइकांची साक्ष ग्राह्य नाही! तू बस."

काकू उठलेल्याच नव्हत्या. त्या बसून राहिल्या. थर्मासचे झाकण घट्टच होते. त्यांनी ते आणखी घट्ट केले.

साहेबांनी प्लास्टरच्या जबड्यातून स्वतःचा अर्ज ओढून काढला, खिशातले पेन उघडले आणि उभ्या उभ्या, त्या जुन्या, एका रेषेतल्या अक्षरात लिहिले : 'मूळ प्रत सादर न केल्याने अमान्य.' खाली सही केली. अर्जदाराची सही वर, अमान्य करणाऱ्याची खाली, दोन्ही एकच. मग सदरा झटकून ते बाहेर पडले. ताठ मानेने. दारात डॉक्टर मला हळूच म्हणाले, "काय माणूस आहे!" आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मंडळात आजही ही गोष्ट तत्त्वनिष्ठेचा नमुना म्हणून सांगतात. टायरवाला सगळ्यांत जास्त रंगवून सांगतो.

मला या गोष्टीचा राग येतो. टायरवाल्याचा येतो, तो सोपा आहे. आमचा येतो, तोही समजण्यासारखा आहे. पण त्या ताठ मानेचाही येतो, आणि हे मंडळात बोलायची सोय नाही. त्या दिवशी जिन्यात काकू खुर्च्या घेऊन एकट्या वर येत होत्या. साहेब पुढे निघून गेले होते. मी खुर्च्या हातात घेतल्या आणि काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "साहेबांनी मात्र कमाल केली. स्वतःची एवढी मोठी नोंद स्वतःच्या हाताने खोडली."

काकू पायरीवर थांबल्या. "स्वतःची?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला सांगितले आणि खुर्च्या परत घेतल्या.

मंडळाच्या अधिकृत यादीनुसार चमच्याच्या चोचीचा पक्षी या शहरात आजवर आढळलेला नाही. अमान्य अर्ज दप्तरी आहे. प्रथम निरीक्षक : मूळप्रत साहेब. स्थळ : सांडपाण्याची तळी. निरीक्षणाची पद्धत : अर्जदाराच्या प्रत्यक्ष नजरेस पडला.

साहेब त्या वेळी तिपाईचा स्क्रू शोधत खाली वाकले होते. "अहो, तो चमचा घेऊन कोण आलाय?" असे काकूंनी विचारले, तेव्हा त्यांनी मान वर केली.